शमशादची सीट

शुक्रवारी संध्याकाळी सव्वापाच वाजता शमशाद मुजावर आमच्या दारात आली, कापडी पिशवीतून तिच्या सायकलची सीट काढली आणि माझ्या हातात दिली. दांडीसकट.

"घे," ती म्हणाली. "सर अजून विट्यालाच आहेत. उद्या पहाटे तासभर मारून ये. कुणाला पत्ता लागणार नाही."

मी सीटकडे बघितलं आणि मग तिच्याकडे. परवा, रविवारी, निवड चाचणी होती. आम्हा दोघींच्या वाट्याची जागा एकच होती.

"आणि तू?"

"माझं झालंय की. दोन दिवस मरेस्तोवर मारलीय."

"चहा तरी घे."

"नको. बस चुकंल. येतो मी."

सांगली-मिरज सिटी बस कोपऱ्यावर उभीच होती. ती पळत जाऊन चढली. आई आतून म्हणाली, "कोण गं?" मी म्हटलं, "शमशाद." आई म्हणाली, "मग लगेच कशी गेली? नेहमी तर हलत नाही." आईचा प्रश्न बरोबर होता. माझं सगळं लक्ष सीटवर होतं.

सत्त्याण्णव सालचा नोव्हेंबर. एकोणीस वर्षांखालच्या मुलींच्या राज्य संघात चौघी घ्यायच्या होत्या. त्यातल्या पहिल्या तीन जागा पुण्याच्या दोघी आणि नगरची एक, अशा ठरल्यातच जमा होत्या. त्यांच्या पुढे जायचं तर त्यांची सायकल पंक्चर व्हायला हवी होती, आणि तिघींची एकदम पंक्चर होत नाही. राहिली चौथी जागा. आदल्या वर्षी मी पाचवी आले होते, शमशाद सहावी. पुढच्या वर्षी आम्ही दोघीही वयात बसणार नव्हतो. म्हणजे जे काय व्हायचं ते परवा.

आम्हाला शिकवायचे बाबर सर. विश्रामबागेतल्या एका हायस्कुलात पीटीचे शिक्षक. स्वतः कधीकाळी बरी सायकल मारायचे, असं त्यांच्या घरच्या काकू, म्हणजे सरांची बायको, सांगायच्या. सर सांगायचे नाहीत. सरांचा एकच हट्ट होता. सायकल रस्त्यावर चालते, पाय अंथरुणात तयार होतात, असं ते म्हणायचे, आणि आम्ही सहाही मुली मान डोलवून, त्यांची पाठ फिरली की पुन्हा रस्त्यावर जायचो. दोन-तीनदा पकडल्यावर सरांनी बोलणं सोडून दिलं आणि पद्धत घातली. दर बुधवारी सकाळी प्रत्येकीनं आपल्या सायकलची सीट काढून सरांच्या घरी आणून द्यायची. सर त्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावायचे. सीट देताना नाडी मोजायची, गुरुवारी सकाळी पुन्हा मोजून झाली की सीट परत.

नाडी ते स्वतः मोजायचे. अंगणात सतरंजीवर आम्ही ओळीनं आडव्या, सर मनगट धरून घड्याळाकडे बघत. प्रत्येकीची नेहमीची नाडी त्यांना तोंडपाठ होती. नेहमीपेक्षा दहाच्या वर गेली की सीट कपाटातच. रडा, भांडा, आईला घेऊन या, उपयोग नाही.

आणि हलकं चालवायचा दिवस असला की पाढे. चालवता चालवता मोठ्यानं एकोणतीसचा पाढा म्हणायचा. दम लागून पाढा तुटला, तर वेग जास्त. माधवनगरच्या रस्त्यावर लोक आम्हाला बघून थांबायचे. एकदा एक म्हातारा शमशादला म्हणाला, "पोरी, एकोणतीस सत्ते दोनशे तीन. तू दोनशे चार म्हटलीस." शमशाद थांबली, म्हणाली, "आजोबा, चढ हाय वो," आणि पुढं गेली.

पण सहा मुली शर्यतीच्या. त्यांना विश्रांती दिली तर त्या विश्रांतीचीही शर्यत लावणारच. कुणाची नाडी सगळ्यात कमी, कोण जास्त झोपलं, कोण भिंतीला पाय लावून जास्त वेळ पडलं. शमशादची नाडी अठ्ठेचाळीस, माझी बावन्न. त्या चार ठोक्यांवरून तिनं मला वर्षभर छळलं होतं. "मगदूम, तुझं इंजन गरमच गं नेहमी." मी नाडी कमी यावी म्हणून सरांकडे जाताना सायकल हळू चालवायचे, तर ती आदल्या रात्री आठलाच झोपायची. सरांना हे कळलं तेव्हा ते कपाळाला हात लावून म्हणाले, "तुम्हाला मेल्यावरसुद्धा बघायचंय, कोण आधी गार पडतंय."

त्या आठवड्याच्या बुधवारी माझी नाडी सहासष्ट निघाली.

सरांनी पुन्हा मोजली. पुन्हा सहासष्ट.

"मंगळवारी किती मारलीस?"

"तुम्ही सांगितली तेवढी."

"आणि वर?"

"वर... जरा."

"जरा म्हणजे कुठपर्यंत?"

"विट्यापर्यंत."

शेजारच्या सतरंजीवर शमशाद खोकल्यासारखं करून हसली.

"मगदूम," सर शांतपणे म्हणाले, "माझ्या भाचीचा साखरपुडा आहे विट्याला. मी उद्या एसटीनं जाणार आहे, मुक्कामाचं सामान घेऊन. आणि तू तिथं जरा जाऊन येतीस." त्यांनी माझी सीट उचलली. "ही आता शनिवारी संध्याकाळी. मी परत आल्यावर."

"सर, रविवारी चाचणी आहे!"

"म्हणून तर."

"पाय जड पडतील. तीन दिवस काहीच नाही म्हणजे—"

"काहीच नाही कसं? झोप. खा. पाय वर करून पड. हे काहीच नाही होय?"

गुरुवारी सकाळी बाकीच्यांना सीटा मिळाल्या. सर दुपारच्या एसटीनं गेले. जाताना सगळ्यांना सांगून गेले की आता दोन दिवस फक्त पाढ्याच्या वेगानं. कपाटाची किल्ली त्यांच्या जुडग्यात, जुडगा त्यांच्या खिशात.

त्याच संध्याकाळी शमशाद मुद्दाम आमच्या गल्लीतून गेली. मिरजेहून तासगाव रोडला जायला आमची गल्ली लागत नाही. मी व्हरांड्यात भिंतीला पाय लावून पडले होते. ती ओरडली, "झोप, मगदूम, झोप! मी तासगावला जाऊन येतो!" आणि पाढा काही म्हणत नव्हती. दीडेक तासानं परत जाताना दिसली तेव्हा हँडलवर पुरती वाकली होती आणि तिच्या मागं एका मोटारसायकलवाल्याची चांगलीच तारांबळ उडत होती. शुक्रवारी सकाळी तेच. ह्या वेळी ती ओरडली नाही. नुसतीच गेली.

मी घरात. आईला विश्रांती ही गोष्ट डोळ्यांना सहन होत नसे. "सायकल नाही म्हणून पडलीयास, तर शेंगा तरी फोड," म्हणून तिनं परात समोर ठेवली. मी म्हटलं, सर म्हणालेत काही करायचं नाही. आई म्हणाली, "हातानं फोडायच्यात, पायानं नाही." मी पाय भिंतीवर आणि परात पोटावर, अशा अवस्थेत शेंगा फोडल्या. माझ्या डोक्यात तेवढा वेळ शमशादचे पाय फिरत होते. ती दोन दिवस पुढे गेली, मी दोन दिवस मागे आले. हिशेब मला असाच दिसत होता.

आणि शुक्रवारी सव्वापाचला ती सीट.

शनिवारी पहाटे मी उठले. सायकल परसात आणली. शमशादच्या सीटच्या दांडीवर तांबड्या टेपचं कडं होतं, वायरमन वापरतात ती टेप. तिथपर्यंत दांडी आत गेली की तिची उंची. मी तिच्यापेक्षा तीन बोटं उंच. मी पाना घेतला, दांडी फ्रेममध्ये घातली, तीन बोटं वर ओढली, आवळली. पॅसेजमध्ये सायकल उभी करून वर बसून बघितलं. सीट माझ्या सीटपेक्षा अरुंद होती, पण चालण्यासारखी होती. फाटक उघडायला गेले तर वडील तिथं उभे. ते मार्केट यार्डात हळदीच्या आडतीवर कामाला होते आणि पहाटेच निघायचे.

"सरांनी नको म्हटलंय ना?"

"तासभरच. शमशादनं स्वतःची सीट दिलीय."

"कोण शमशाद? जिच्याबरोबर उद्या तुझी लढत आहे ती?"

"हं."

वडिलांनी चप्पल पायात सरकवली. "परवा यार्डात शेजारच्या आडतवाल्यानं आमच्या मालकाला येऊन सांगितलं, सौदा आजच कर, उद्या भाव पडतोय. स्वतःहून आला, चहासुद्धा प्यायला नाही."

"मग?"

"मग मालकानं सौदा केला नाही." आणि ते निघून गेले. भाव पुढं पडला की चढला, हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

मी सायकलवर बसले. एक पाय जमिनीवर. चहासुद्धा प्यायली नाही. खरंच, प्यायली नव्हती. का दिली हिनं सीट? दोन दिवस हिनं मारलीय, मला मनाई आहे, माझी नाडी सहासष्ट. मी आज तासभर मारली तर तो तास थोडाच तास राहणार होता? ती मला ओळखत होती. "जरा" म्हणजे विटा, हे तिनं ऐकलं होतं.

डाव आहे, मी स्वतःला म्हटलं.

उतरले. पाना घेतला, सीट काढली, पिशवीत घातली, व्हरांड्यात जाऊन भिंतीला पाय लावले. सरांच्या शिकवणीनं तीन वर्षांत जे झालं नव्हतं, ते संशयानं पाच मिनिटांत केलं. मी दिवसभर हलले नाही. आई म्हणाली, "आज तर तू शहाण्यासारखी पडलीयास." दुपारी मी अशी झोपले की चारला तिनं हलवून उठवलं.

संध्याकाळी सहाला सरांच्या अंगणात दोघी भेटलो. सर विट्याहून पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले होते. कपाट उघडून त्यांनी माझी सीट काढली आणि माझं मनगट धरलं. चोपन्न. त्यांनी पेढा हातावर ठेवला. मग म्हणाले, "अर्धा तास. पाढा म्हणत."

सर आत गेल्यावर मी पिशवी शमशादला दिली. तिनं सीट बाहेर काढली आणि आधी दांडी बघितली. टेपच्या खाली तीन बोटांवर ताजा ओरखडा होता, पान्यानं आवळल्याचा.

"मारलीस," ती म्हणाली. का कोण जाणे, खूश झाल्यासारखी वाटली.

"नाही. घातली होती, काढली."

"हां. आणि मी मिरजेची राणी."

"नाही मारली, म्हटलं ना. तुझा डाव कळला मला."

ती मोठ्यानं हसली. "कळला ना? बरं झालं." सीट सायकलला लावायला खाली बसली, आणि पाना दोनदा तिच्या हातातून सटकला.

रविवारी सकाळी तासगाव रोडवर चाचणी झाली. टाइम ट्रायल. म्हणजे एकेकीला मिनिटाच्या अंतरानं सोडतात आणि प्रत्येकीची लढाई घड्याळाशी. माझ्या पुढं शमशाद होती. तिला सोडलं तेव्हा ती नेहमीसारखी उसळून गेली. मिनिटानं मी.

पाय जड पडतील अशी मला भीती होती. ते नव्हते. कुणाचे तरी उसने आणल्यासारखे पाय होते, मागावं तेवढं देत होते. कवलापूरच्या पुढच्या सरळ रस्त्यावर मला लांबवर शमशादचा पिवळा टी-शर्ट दिसला. टाइम ट्रायलमध्ये मिनिटभर पुढं सोडलेली मुलगी दिसायला लागली की आनंद व्हायला हवा. झालाही. परतीच्या वाटेवर तो पिवळा ठिपका मोठा होत गेला. ती उभी राहून पायडल मारत होती, खांदे हलत होते. शमशादचे खांदे कधी हलत नसत.

पुण्याच्या दोघी पहिल्या आणि दुसऱ्या, नगरची तिसरी. चौथी मी. पाचवी शमशाद. आमच्यात अकरा सेकंद.

ती रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर बसली होती. सर तिच्यापाशी उकिडवे बसले, मनगट धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं.

"शुक्रवारी सकाळी किती होती?"

"मोजली नाही, सर."

"मुजावर."

"नाही मोजली म्हटलं ना." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काय बघतीस? जा, फोटो काढून घे. केस नीट कर आधी, भुतासारखी दिसतीयास."

मी काकूंकडे गेले. काकू दरवेळी शर्यतीला डबा घेऊन यायच्या. त्यांनी कागदावर शिरा वाढला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तू जिंकलीस ते चांगलंच झालं गं. पण पोरीनं तरी काय करायचं. शुक्रवारी दुपारी आली माझ्याकडे, सीट घेऊन."

"तुमच्याकडे?"

"होय. म्हणाली, काकू, ही कपाटात टाका. नाडी बासष्ट लागलीय, तीनदा मोजली. सीट घरात राहिली तर मी उद्या परत जाणार, माझा मला भरवसा नाही. आता किल्ली तर ह्यांच्याबरोबर विट्याला. मी म्हटलं, घरात ठेवते तर म्हणाली, तुम्ही द्याल, मी रडले की तुम्ही देता." काकूंनी डबा बंद केला. "मग मी म्हटलं, उज्ज्वलाकडे ठेव. तिला तशीही बंदी आहे, ती काय हात लावणार. ठेवलीन् ना तुझ्याकडे?"

"ठेवली," मी म्हटलं.

शिरा हातात तसाच राहिला. दगडावर शमशाद बूट काढून मोजा पिळत होती.

सीट ठेव, असं ती म्हणाली नव्हती. मारून ये, असं म्हणाली होती. दोन्ही मीच ऐकलं: एक तिच्या तोंडून, एक काकूंच्या.

राष्ट्रीय स्पर्धेत मी एकविसावी आले. तिथं विश्रांतीच्या दिवशी सीट जमा करून घ्यायला कुणी नव्हतं, एवढंच त्याबद्दल सांगते.

शमशादला मी नंतर विचारलं. एकदा नाही, बऱ्याचदा. तिच्या लग्नात विचारलं, तेव्हा म्हणाली, "डावच होता. काकूंनी नाव सुचवलं, डाव मला वाटेत बसमध्ये सुचला." माझ्या मुलीच्या बारशाला म्हणाली, "तुला कसं सांगणार होते, सीट ठेव, मला धीर धरवत नाही म्हणून? तुला? त्यापेक्षा तू मारलेली बरी." तिसऱ्यांदा म्हणाली, "तू आधी खरं सांग, तासभर मारलीस की विट्यापर्यंत?" ओरखडा तिनं डोळ्यांनी बघितलाय. मी मारली नाही ह्यावर तिचा आजवर विश्वास बसलेला नाही. वडील सांगू शकले असते, पण तेही मार्केट यार्डाला निघून गेले होते.

शमशाद आता मिरजेला एका शाळेत खेळ शिकवते. दर बुधवारी पोरींच्या सीटा काढून घेते आणि पोरी तिला शिव्या देतात, हे ती मला अभिमानानं सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघींनी पुन्हा सायकली घेतल्या. येत्या रविवारी कोल्हापूरला चाळिशीच्या पुढच्या बायकांची शर्यत आहे. नावं दोघींचीही आहेत.

काल संध्याकाळी ती बसनं आली. पिशवीतून सीट काढली आणि टेबलावर ठेवली. दांडीवर तांबडी टेप.

"रविवारी सकाळी येताना घेऊन ये," म्हणाली.

"म्हणजे ठेवू? का मारून येऊ तासभर?"

"तुझं तू बघ."

"चहा?"

"ठेव की. साखर कमी."

ती चहा प्यायली, दोन बिस्किटं खाल्ली आणि सातच्या बसनं गेली.

सीट सध्या फ्रिजवर आहे. मी तिच्यापेक्षा अजून तीन बोटं उंच आहे. आज सकाळी माझी नाडी अठ्ठावन्न लागली. तिची किती, ते तिनं सांगितलेलं नाही.